वाचकांचे प्रश्न : जुना वाडा, नवे काम आणि वारसा समितीचा ना-हरकत दाखला

सोलापूरच्या वाचकांकडून आलेली या वेळची बहुतेक पत्रे एकाच अडचणीची आहेत. पेठेतल्या जुन्या वाड्यात काही करायचे म्हटले की ‘आधी वारसा समितीचा ना-हरकत दाखला आणा’ असे उत्तर मिळते. तो कसा मिळतो आणि कशामुळे अडतो, ते पाहू.

आमचा शुक्रवार पेठेत दगड-मातीचा चौकाचा वाडा आहे. माळवद, म्हणजे लाकडावर माती चोपून केलेले सपाट छत, दर पावसाळ्यात गळते. ठेकेदार म्हणतो, माती काढून स्लॅब टाका, तो मातीपेक्षा हलकाच पडेल. वाडा वारसा यादीत (जपायच्या वास्तूंच्या यादीत) असल्याचे ऐकतो. स्वतःच्या घराच्या छताला परवानगी कशाला?

यादीत असेल तर लागते. पाडकाम किंवा मजला चढवणे एवढ्यापुरतीच ती नाही. वारसा नियमांत दुरुस्ती, गिलावा, इतकेच काय रंग देणेसुद्धा पूर्वपरवानगीच्या कामांत येते. मात्र ‘असल्याचे ऐकतो’ यावर थांबू नका. सिटी सर्व्हे नंबर देऊन महापालिकेच्या नगररचना विभागाकडे दोन गोष्टी लेखी विचारा: मिळकत यादीत आहे का, आणि असल्यास श्रेणी कोणती.

कारण पुढचे सगळे श्रेणीवर ठरते. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला आतून-बाहेरून हात लावता येत नाही. मजबुतीसाठी अटळ असेल तेवढेच काम, तेही मूळ रूप राखून. दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. ‘अ’मध्ये आतले बदल व नवा वापर कडक छाननीनंतर चालतो. ‘ब’मध्ये त्याशिवाय आवारात मूळ वास्तूला साजेशी वाढ काही परिस्थितीत मंजूर होऊ शकते. तिसऱ्या श्रेणीत आतले-बाहेरचे बदल आणि वाढ साधारणपणे चालते, फक्त परिसराच्या रूपाला धक्का लागता कामा नये. समिती सल्ला देते. आदेश आयुक्तांचा असतो. अपवादात्मक प्रकरणी आयुक्त समितीचा सल्ला डावलू शकतात, पण कारणे लेखी नोंदवून.

आता ठेकेदाराचे म्हणणे. आकड्यांत तो चूक नाही. वाळलेल्या, चोपलेल्या मातीचा एक इंच थर दर चौरस फुटाला सुमारे ४ किलो भरतो. वर्षानुवर्षे गळतीवर नवी पांढरी माती टाकत गेल्याने थर फूटभर झाला असेल तर दर चौरस फुटाला ४५ किलो, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन. पाच इंची स्लॅब चौरस फुटाला ३० किलोच्या आतबाहेर. तरीही स्लॅब नको, कारण प्रश्न वजन किती याचा नसून ते कुठे उतरते याचा आहे. माळवदाचे ओझे किलचांवरून (मातीखालच्या लाकडी पट्ट्यांवरून) सरांवर (आडव्या लहान वाशांवर), सरांवरून तुळयांवर (मुख्य आडव्या लाकडांवर) आणि तिथून खांबांवर उतरते. भिंत बऱ्याच अंशी आडोसा असते. स्लॅब तुम्ही थेट भिंतीवर टेकवता, आणि ती भिंत म्हणजे आत-बाहेर दगडाचे दोन पापुद्रे, मध्ये माती-गोट्यांची भर. शिवाय सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्लॅब फुगतो, रात्री आक्रसतो आणि वरचे दोन-तीन थर बाहेर ढकलतो. स्लॅबच्या खाली आडवी, सरळ रेषेत भेग दिसली की समजा हेच झाले. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दोन पापुद्र्यांच्या मातीतल्या भिंती उकलून पडल्या. ज्या घरांत खणांची, म्हणजे तुळया-खांबांमधल्या गाळ्यांची, लाकडी चौकट शाबूत होती, तिथे पुष्कळदा छप्पर चौकटीवर तगून राहिले. समितीतला संरचना अभियंता स्लॅब पाहून भुवया उंचावतो तो यामुळे.

मंजूर होण्याजोगा प्रस्ताव असा. आधी प्रत्येक तुळईखाली टेकू. मग माती सगळ्या खणांतून समान उतरवायची. एक खण पूर्ण मोकळा आणि शेजारचा भरलेला ठेवला तर तुळई पिळवटते. कुजलेले किलच बदलायचे. तुळयांची भिंतीतली टोके टोच्याने टोचून पाहायची, कारण लाकूड बहुतेक वेळा तिथेच सडते. टोक गेले असेल तर तेवढाच भाग कापून, अर्धी खाच देऊन सागवानाचा जोड बोल्टने बसवायचा आणि टोकाभोवती इंचभर मोकळी जागा सोडायची. वर विटांचे तुकडे व चुना यांचा तीन-चार इंची कोबा, दहा फुटाला दोन इंच उतार, आणि पन्हळ भिंतीपासून किमान फूटभर पुढे. यात वजन निम्म्याहून खाली येते आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही बदलल्याचे कळत नाही.

फाईल बहुधा बांधकामापेक्षा कागदावर अडते. मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, कराची पावती हे सगळेच देतात. राहते ती सहहिस्सेदारांची संमती. वाड्याच्या पत्रिकेवर आठ-दहा नावे असतात, दोन हयात नसतात, एक परगावी. आधी वारसनोंद करून घ्या. दुसरी उणीव म्हणजे आहे त्या स्थितीचे मोजमाप नकाशे. ठेकेदार फक्त ‘प्रस्तावित’ नकाशा काढून देतो. समितीला आज काय उभे आहे हेच कळत नाही. प्रत्येक मजल्याचा आराखडा, दोन छेद, रस्त्याकडचा दर्शनी नकाशा, सगळे एकाच प्रमाणात. आहे ते काळ्या रेषेत, पाडायचे ते पिवळ्या तिरप्या रेषांनी, नवे ते लाल भरून. सोबत फोटो, आणि कुठला फोटो कुठून काढला याचे बाण नकाशावर. ‘छताची दुरुस्ती’ असे मोघम लिहू नका. ‘खण ३, पश्चिमेकडील तुळईचे टोक, दीड फूट, सागवानी जोड’ असे लिहिले की बैठकीतले निम्मे प्रश्न उठतच नाहीत.

आणि एक गैरसमज. ‘६० दिवसांत उत्तर नाही म्हणजे परवानगी मिळाली’ असे पेठेत सर्रास सांगतात. १९६६च्या नगररचना कायद्यात तशी तरतूद आहे, पण प्रस्ताव नियमांना तंतोतंत धरून असेल तरच. वारसा ना-हरकतीशिवाय यादीतल्या वाड्याचा प्रस्ताव नियमात बसत नाही. त्या भरवशावर पहार लावू नका.

नव्या पेठेत घराच्या तळमजल्याला लाकडी कोरीव खांब आणि फळ्यांची दारे आहेत. ती काढून शटर बसवायचे आणि दुकान भाड्याने द्यायचे आहे. समिती अडवेल का?

दुकानाला नाही, शटरला. यादीत नाव आल्याने मालकी किंवा वापर बदलायला बंदी येत नाही. वापर वास्तूला साजेसा असावा, इतकेच. शटरसाठी वर पेटी बसवायला कणीचे (खांबांवरचे) लाकूड तोडावे लागते, बाजूला खांब छिलावे लागतात, आणि ते पुन्हा जोडता येत नाही. समिती दर वेळी मनात एकच प्रश्न विचारते: उद्या हे काढले तर मूळ जसेच्या तसे मिळेल का?

म्हणून शटर खांबांच्या मागे, आतल्या बाजूला, स्वतंत्र लोखंडी चौकटीत बसवा. चौकट जमिनीवर उभी राहावी, लाकडाला खिळा नको. फळ्यांची दारे दिवसा बाजूला दुमडून राहतात, रात्री पुन्हा लागतात. भाडेकरूला ही कटकट वाटते, तेव्हा करारातच लिहून ठेवा. पाटी दोन खांबांच्या मधल्या खणात, सपाट. आतून दिवा लागणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या नाकारल्या जातात. भिंतीत छिद्र करायचेच तर दगडात नको, सांध्यात. सांध्यातला चुना परत भरता येतो. एसीचे बाहेरचे यंत्र मागच्या बोळात.

भुईकोट किल्ल्याजवळ आमचे एकमजली घर आहे. महापालिकेने वरचा मजला मंजूर केला तरी शेजारी म्हणतात, दिल्लीची परवानगी लागते. खरे काय?

शेजारी बरोबर आहेत. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि त्याला १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा, २०१०च्या दुरुस्तीसह, लागू होतो. महापालिकेचा परवाना आणि हा परवाना एकमेकांची जागा घेत नाहीत.

संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून पहिले १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर विनियमित. अंतर किल्ल्याच्या तटापासून नाही, हद्दीपासून मोजतात. टेप लावून घरच्या घरी काढलेले ‘१०५ मीटर’ म्हणूनच फसते. प्रतिबंधित भागात नवा मजला मिळत नाही, कितीही अर्ज करा. तिथे १६ जून १९९२पूर्वीच्या बांधकामाची, किंवा नंतर रीतसर परवानगीने झालेल्या बांधकामाची, दुरुस्ती-डागडुजी तेवढी परवानगीने होते. दुरुस्ती म्हणजे दुरुस्तीच. पाडून पुन्हा बांधणे त्यात येत नाही. विनियमित भागात नवे बांधकामही मागता येते.

अर्ज या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. त्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत द्यायचे आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय, असे कायद्यातले वेळापत्रक आहे. घराची उंची जिना-खोली, पाण्याची टाकी, कठडा धरून लिहा. नकाशात टाकी नसते आणि गच्चीवर दिसते, ही तक्रारीची आवडती जागा. विनापरवाना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मी मंगळवार पेठेत जुन्या वाड्यात भाडेकरू आहे. मालकाने इमारतीच्या मजबुतीचे ऑडिट करून वाडा ‘सी-१’ ठरवला आणि महापालिकेची रिकामे करण्याची नोटीस आली. वाडा वारसा यादीत असूनही पाडता येतो का?

यादी म्हणजे धोक्याकडे डोळेझाक नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४खाली पडाऊ इमारत उतरवून घेण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि माणसांचा जीव आधी येतो. पण पाहायचे ते ऑडिट कसे केले आहे. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२अ रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२ब रिकामी न करता दुरुस्त करायची. सी-३ किरकोळ दुरुस्तीची. यातल्या पहिल्या दोघींत एका अहवालाचे अंतर असते, आणि मालकाला कुठला अहवाल सोयीचा ते सांगायला नको.

अहवाल उघडून चाचण्या पाहा. हातोडी-चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, सळईच्या गंजाची चाचणी अशी यादी असेल तर ती काँक्रिटसाठी आहे. मातीतल्या दगडी भिंतीला आणि सागवानाला त्यातून काही कळत नाही. अशा वाड्याच्या अहवालात हे हवे: प्रत्येक भिंतीला ओळंबा लावून झुकाव किती, भिंत पोटाला फुगली असेल तिथे गिलावा उकलून दोन पापुद्रे सुटलेत का, तुळयांची टोके टोचून पाहिली का, भेगांवर काचेच्या पट्ट्या तारीख घालून चिकटवल्या का. पट्टी तडकली तर भेग चालू आहे, न तडकली तर जुनी. हे नसेल तर दगड-लाकडाच्या कामाचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याचा दुसरा अहवाल आयुक्तांकडे दाखल करा आणि प्रकरण वारसा समितीपुढे ठेवण्याची लेखी मागणी करा. तोवर टेकू द्या. ते काढता येतात. देण्याआधीचे आणि नंतरचे फोटो त्याच दिवशी महापालिकेला कळवा.

बाहेर पडावेच लागले तर तुमच्या ताब्यातल्या जागेचे चटईक्षेत्र मोजून महापालिकेकडून तसा दाखला घ्या, मगच किल्ली द्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

बाळीवेशीजवळच्या वाड्याला सिमेंटचा गिलावा सुरू केला होता. निम्म्यावर काम थांबवण्याची नोटीस आली. आता पूर्ण तरी करू द्यावे?

नाही, आणि याला नियमाइतकेच भिंतीचेही कारण आहे. मातीतली भिंत जमिनीतली ओल ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंट ती वाट बंद करते. ओल वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचे पोपडे आतल्या मातीसकट सुटतात.

काम लगेच थांबवा, नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि सोबत दुरुस्तीचा प्रस्ताव जोडा. विनापरवाना कामाला नगररचना कायद्याच्या कलम ५२खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. दंड किरकोळ वाटतो, कैद नाही. ताजे सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा. यंत्राने काढल्यास दगडाच्या कडा उडतात. मग सांधे इंचभर खरवडून, पाणी मारून, चुना-वाळू १:३ने भरा. चुना निदान पंधरा दिवस भिजवून विरवलेला हवा. उन्हाळ्यात काम टाळा किंवा ओले गोणपाट लावा. चुना झटकन वाळला की भुकटी होतो.

परवानगी नाकारली गेलीच तर त्याच कायद्याच्या कलम ४७खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

घर यादीत आल्याने विकता येणार नाही म्हणतात. यादीतून नाव काढायचे कसे?

विकता येते, खरेदीखतात श्रेणीचा उल्लेख करा. यादीत भर घालताना किंवा नाव वगळताना जाहीर सूचना आणि हरकती-सुनावणी असते. ‘घर जुने झाले, दुरुस्ती परवडत नाही’ ही हरकत टिकत नाही. ‘मूळ जिना, दर्शनी भाग, माळवद पूर्वीच गेले, ही पाहा तारखेनिशी छायाचित्रे’ ही टिकू शकते. त्याआधी श्रेणी उतरवून मागता येते का, ते पाहा. आणि यादीमुळे न वापरता आलेल्या चटईक्षेत्राच्या बदल्यात टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळण्याची तरतूद आहे. पेठेतला अरुंद प्लॉट असेल तर त्याचा हिशेब वास्तुरचनाकाराकडून आधी करून घ्या.