कोणता कोर्स करू, असं विचारलंस म्हणून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. स्वमग्नतेवरचा (ऑटिझमवरचा) ऑनलाइन डिप्लोमा करू, समुपदेशनाचा करू की सरळ एम.एड. विशेष शिक्षणाला प्रवेश घेऊ, असं विचारलं आहेस. नोकरीचं पहिलं वर्ष सरायच्या आत हा प्रश्न बहुतेकांना पडतो. तू शाळाशाळांत फिरणारी विशेष शिक्षिका, तुझी पदवी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याची. तुझ्या केंद्रातल्या, म्हणजे तुझ्याकडे असलेल्या शाळांच्या गटातल्या शाळांत मात्र एक कर्णबधिर मुलगी आहे, एक अल्पदृष्टी मुलगा आहे, सेरेब्रल पाल्सीची दोन मुलं आहेत आणि ‘याला काहीच येत नाही’ एवढीच ओळख असलेली आणखी चार-पाच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले. आपल्यातल्या बहुतेकांची पदवी आणि नोंदणी अजून एकाच प्रकारातली आहे. तेव्हा शाळेत गेल्यावर आपण अपुरे पडतो असं वाटतं, त्यात तुझा कमीपणा काही नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. पुढची दोन वर्षं मोठा कोर्स नको. विशेष शिक्षक म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्याला सीआरईचे, म्हणजे नोकरीतल्या उजळणी प्रशिक्षणांचे गुण लागतात, तेवढे कार्यक्रम वेळच्या वेळी कर. शेवटच्या वर्षी सगळे एकदम उरकायला जाऊ नकोस, तेव्हा हाताला लागेल ते घ्यावं लागतं. उरलेला वेळ दोन गोष्टींना दे. एका मुलाकडे नीट बघायला शीक, आणि त्याच्या वर्गशिक्षिकेबरोबर काम करायला शीक. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे आणि आपल्या पदवीत ती जवळपास नसतेच.

असं का म्हणते ते सांगते. तू एका शाळेत फार तर आठवड्यातून एकदा पोचतेस, पावसाळ्यात तेही नाही. बाकी सगळे दिवस मूल बाईंसमोर बसतं. तू व्हरांड्यात सतरंजी टाकून त्याला अर्धा तास शिकवलंस, फोटो काढून अहवालात लावलास, की तुझं काम दिसतं. पण तेवढ्या वेळात त्याचा वर्गातला धडा बुडतो, पोरं त्याच्याकडे वळून वळून बघतात आणि बाईंच्या मनात बसतं की हे मूल विशेषवाल्या मॅडमचं. एकदा असं बसलं की ते काढायला वर्षं जातात. म्हणून शक्य तितकं वर्गाच्या आत काम कर. बाई शिकवत असताना मागे बस. मग विचार, ‘पुढच्या वेळी परिसर अभ्यासाचा तास मी घेऊ का? तुम्ही फक्त याच्याकडे बघा.’ बाई सगळ्या वर्गाला शिकवत असताना एकट्या मुलाकडे निवांत बघायची संधी त्यांना कधी मिळालेलीच नसते. ती तू मिळवून दे.

बाईंकडे जाताना त्यांच्या टेबलावर काय पडलंय ते आधी बघ. द्विशिक्षकी शाळा, दोन-तीन इयत्ता एका खोलीत, पोषण आहाराची नोंद, कुठली तरी ऑनलाइन माहिती आजच्या आज भरायची, वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. तिथे तू नऊ सूचनांचा कागद ठेवलास तर त्या हसून ‘हो’ म्हणतील आणि कागद हजेरीपटात जाईल. एका भेटीत एकच बदल माग, आणि तो असा माग की त्यांचा तास लांबणार नाही. फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचूनही दाखवा. सूचना देताना फळ्याकडे तोंड नको, मुलांकडे हवं. गृहपाठ याला निम्मा, पण बाकीच्यांना दिलाय त्याच धड्यावरचा. पुढच्या भेटीत ‘केलंत का?’ असं विचारू नकोस, तो तपासणीचा सूर होतो. ‘त्याने काय केलं?’ असं विचार.

आता बघण्याबद्दल. आपल्याला आयईपी लिहायची सवय लावलेली असते, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. तो लिहायला एक तास पुरतो आणि त्यात ‘वाचन कौशल्यात सुधारणा होईल’ असं काहीही लिहिता येतं. त्या वाक्यावरून उद्या सकाळी काय करायचं हे कुणालाच कळत नाही. ‘काना आणि पहिली वेलांटी असलेले, जोडाक्षर नसलेले दहा शब्द दाखवले तर त्यातले आठ न अडखळता वाचेल’ असं लिहिलं की बाईंनाही कळतं आणि मुलाच्या आईलाही. तीनच उद्दिष्टं ठेव. चौथं सुचलं तर आधीच्या तिनातलं एक काढ.

तिसरीतला एक मुलगा आठवतो. शेऱ्यात होतं, ‘वर्गातून पळून जातो.’ वर्तनाची नोंद ठेवायची साधी रीत तुला माहीत आहे: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले आणि वेळ लिहायला सुरुवात केली. पळण्याची वेळ रोज जवळपास तीच निघाली, छोट्या सुट्टीच्या थोडी आधी. त्याची जागा खिडकीशी होती आणि खिडकीबाहेर रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर हातोडीने घंटा व्हायची. तो आवाज व्हायच्या आधी तो स्वतःला तिथून बाहेर काढत होता. त्याची जागा बदलली, आणि घंटेआधी त्याला चित्राचं कार्ड दाखवायला सुरुवात केली. पळणं बरंच कमी झालं. गणित त्याला तेव्हाही नको होतं, नंतरही नकोच राहिलं. स्वमग्नतेच्या डिप्लोमात संवेदनांवर एक प्रकरण असेलही, पण त्या मुलाची जागा कुठे आहे ते त्यात लिहिलेलं नसतं.

वाचनात अडणाऱ्या मुलांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझ्याकडे अशीच मुलं सर्वांत जास्त येणार. वाचन अक्षमतेवरची (डिस्लेक्सियावरची) बरीच प्रशिक्षणं इंग्रजीवर बेतलेली असतात. बी आणि डी उलटे दिसतात, वगैरे. मराठीत गाडं दुसरीकडे अडतं. घ आणि ध, भ आणि म. मग मात्रा. ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. आणि र! ‘सूर्य’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये ट च्या खाली दोन रेघा, ‘दऱ्या’मध्ये आणखी वेगळा. दुसरी-तिसरीतलं मूल ‘सूयर’ वाचतं तेव्हा ते निष्काळजी नसतं, डोळ्यांना दिसलं त्या क्रमाने वाचत असतं. म्हणून मुलाला उतारा देऊन ‘चुका ७’ असं लिहू नकोस. चुका कोणत्या, ते लिही. काना-मात्रा गळतात, की जोडाक्षर आलं की थांबतं, की शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाजाने ठोकतं? तिन्हींचे उपाय वेगळे. र चे सगळे अवतार एका आठवड्यात शिकवायचे नाहीत. एक पक्का होऊ दे, मग दुसरा. असल्या चुकांची वही दोन वर्षं ठेवलीस तर मराठी वाचनाबद्दल तुला जे कळेल ते विकत घ्यायला कुठे मिळणार नाही.

आणि एक बजावते. तू निदान करत नाहीस. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ ॲपमधली यादी पहिल्या चाळणीसाठी आहे. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा आपण. त्यातून जे निघतं त्याला प्रमाणपत्र म्हणत नाहीत. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र तर वयाची आठ वर्षं होईपर्यंत मिळतच नाही. पालकांसमोर ‘डिस्लेक्सिया आहे’ असं म्हणू नकोस. काय जमतं, काय जमत नाही, आपण काय करतोय, एवढं सांग. मात्र ‘वाट बघू, मोठा झाला की सुधारेल’ असंही म्हणू नकोस. शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही, ते सवलतींना लागतं.

तुझ्या पदवीबाहेरच्या मुलांसाठी कोर्सपेक्षा माणसं शोध. शेजारच्या तालुक्यात श्रवणदोषात पदवी घेतलेलं कुणी तरी असेलच. एक दिवस तिच्यामागे फीर, एक दिवस ती तुझ्या केंद्रात येईल. श्रवणयंत्र तपासायची सहा आवाजांची चाचणी एका बैठकीत शिकता येते: आ, ई, ऊ, म, श, स. मुलीच्या मागे उभं राहायचं, म्हणजे तिला ओठ दिसणार नाहीत, आणि एकेक आवाज नेहमीच्या आवाजात काढायचा. ऐकू आला की तिने मणी टाकायचा. काल ‘स’ला मणी पडत होता आणि आज पडत नसेल तर आधी बॅटरी बघ, मग कानातला साचा. ही चाचणी बाईंना शिकव आणि रोज सकाळी परिपाठाआधी त्यांच्याकडून करून घे. यंत्र बंद पडलंय हे तुझ्या पुढच्या भेटीत कळलं तर मधला आठवडा त्या मुलीने नुसतं बसून काढलेला असतो.

ब्रेलही असंच. सहा टिंबांची लिपी बघून लोक घाबरतात. तू डोळस आहेस, आधी डोळ्यांनीच वाचायला शीक, महिनाभरात जमेल. गंमत म्हणजे वर सांगितलेली वेलांटीची अडचण तिथे नाही. भारती ब्रेलमध्ये ‘कि’ लिहिताना क आधी आणि इ नंतर, म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने. हाताने ब्रेल पाटीवर टोचताना मात्र उजवीकडून डावीकडे जावं लागतं, कारण कागद उलटल्यावर टिंबं वर येतात. खुणांची भाषा व्हिडिओवर शिकता येईल, असं मला वाटत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश दहा हजारांहून जास्त शब्दांचा आहे, शब्द अडला की तो जरूर उघड. पण भाषा शिकायची तर कर्णबधिर माणसांकडूनच शीक. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेव. तालुक्यात कर्णबधिर तरुणांचा एखादा गट असेल तर रविवारी तिथे जाऊन बस. आपण दिव्यांग मुलांबद्दल इतकं बोलतो, पण मोठी झालेली दिव्यांग माणसं आपल्यातल्या किती जणांच्या ओळखीची असतात? शाळेत आपल्या कोणत्या गोष्टीचा त्रास झाला आणि कोणत्या गोष्टीने तारलं, हे त्यांना विचार.

प्रशिक्षण निवडताना काय बघायचं? शिकवणारी व्यक्ती सध्या मुलांमध्ये काम करते का. प्रत्यक्ष मूल, निदान त्याची वही तरी समोर येणार आहे का. दुपारच्या सत्रात तुम्ही काही करणार आहात की फक्त ऐकणार आहात. नुसते कायदे आणि व्याख्या असतील तर ते घरी वाचता येतं. दीक्षा या सरकारी ॲपवरचे शिक्षकांचे कोर्स लोक कसे ‘पूर्ण’ करतात ते तुला मी सांगायला नको.

वरच्यांशी बोलायची वेळ येईल तेव्हा एक आकडा जवळ ठेव. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ साली ठरवून दिलं आहे: सर्वसाधारण शाळांत पहिली ते पाचवीला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीला पंधरा मुलांमागे एक. तुझ्या यादीत किती मुलं आहेत ते मला ठाऊक आहे. रडगाणं म्हणून सांगू नकोस, पण बैठकीत इतिवृत्तात येईल अशा बेताने सांग.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत तुला वीस मिनिटं मिळतात म्हणालीस. त्यात २१ प्रकारांचा तक्ता दाखवू नकोस, दर वर्षी कुणी ना कुणी तो दाखवतंच. तीन रकान्यांच्या वहीसारखी एखादी वही ज्या बाईंनी ठेवली असेल त्यांनाच बोलू दे, मुलाचं नाव न घेता. तू बाजूला बस. शिक्षक शिक्षकाचं ऐकतात.

दोन वर्षांनी तुझ्या वह्या घेऊन ये. वाचनाच्या चुकांनी जास्त पानं भरली असतील तर एक वाट, कर्णबधिर मुलीच्या नोंदी जास्त असतील तर दुसरी. त्यावरून एम.एड. करायचं की सांकेतिक भाषेची पदविका, ते ठरवू. फी भरण्याआधी त्या संस्थेत सरावाला मुलं कुठली मिळतात, याची चौकशी मी करून ठेवते.

तुझी,
मॅडम