वाकलेली रेघ, फुगलेला आकडा

प्रश्न : आमच्या ऑरगॅनिक (म्हणजे कार्बनी रेणूंच्या सेमीकंडक्टरच्या) ट्रान्झिस्टरची मोबिलिटी, म्हणजे त्यात विद्युतभार किती सहज धावतो तो आकडा, 0.4 cm²/Vsच्या वर जात नाही. छापलेल्या शोधनिबंधांत, पेपरांत, मात्र सर्रास 10, 20 दिसते. आमचं कुठे चुकतंय?

उत्तर : कदाचित कुठेच नाही. त्यातला एखादा पेपर उघडा आणि आकडा सोडून आलेख बघा. सॅच्युरेशनमध्ये (ड्रेनचा व्होल्टेज वाढवूनही करंट वाढत नाही तिथे) ड्रेन करंटचं, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या करंटचं, वर्गमूळ गेट व्होल्टेजसमोर, म्हणजे तो करंट कमीजास्त करणाऱ्या व्होल्टेजसमोर, मांडलं की सरळ रेघ यायला हवी. पुष्कळदा ती आधी ताठ चढते आणि मग गुडघ्यात वाकते. मोबिलिटी रेघेच्या उतारावरून काढतात; तो उतार त्या ताठ तुकड्याचा घेतला की मोबिलिटी फुगलीच! ही चढण सेमीकंडक्टरची नसून गेटनुसार बदलणाऱ्या काँटॅक्टची (धातू आणि सेमीकंडक्टरच्या सांध्याची) असू शकते आणि त्यापायी आकडा दहापट वाढू शकतो, हे 2016मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मधल्या एका पेपरनं दाखवलं. परीक्षक म्हणून मी आधी गुडघाच शोधतो. तुमची रेघ सरळ असेल, तर ते 0.4 बिनधास्त छापा. सोबत किती डिव्हाइस मोजले, सरासरी किती आली, हेही लिहा.

प्रश्न : परीक्षकांनी सगळ्या डिव्हाइसचा कच्चा डेटा मागितलाय. हा अविश्वास नाही का?

उत्तर : आहे की. आणि तो आपल्याच विषयानं ओढवून घेतलाय. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत ऑरगॅनिक सेमीकंडक्टरवर काम करणाऱ्या यान हेन्ड्रिक शोनच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत हुबेहूब तोच नॉइज (मोजमापात आपोआप येणारी, दरवेळी वेगळी थरथर) सापडला. 2002च्या चौकशीत डेटातल्या गैरप्रकाराच्या 24पैकी 16 आरोप सिद्ध झाले. मूळ फाइल्स? डिस्कवर जागा नव्हती म्हणून पुसल्या, असं उत्तर मिळालं. द्या डेटा.

प्रश्न : ऑरगॅनिक सोलर सेल हा संपलेला विषय आहे, असं सीनियर म्हणतात.

उत्तर : सेलमध्ये इलेक्ट्रॉन घ्यायला फुलरीन (कार्बनचे चेंडूसारखे रेणू) होतं तोवर तसं वाटायचं खरं. 2015मध्ये फुलरीनची जागा घेणारा आयटिक हा रेणू आला, 2019मध्ये तशाच वाय6नं 15.7 टक्के कार्यक्षमता गाठली आणि चित्र पालटलं. पण तेव्हापासून वाय6ची साखळी लांबवली की एक पेपर, फ्लोरिनच्या जागी क्लोरिन बसवला की दुसरा! त्या रांगेत उभे राहू नका. जाड फिल्म, क्लोरिन नसलेलं सॉल्व्हंट, हजार तासांची स्थिरता : काम तिथे पडलंय.

प्रश्न : ओएलईडी, म्हणजे स्वतः प्रकाश देणारा ऑरगॅनिक डायोड, मोबाइलच्या पडद्यात पोचलं. त्यात आता उरलंय काय?

उत्तर : निळा. फॉस्फोरेसंट जातीचे (कमी विजेत जास्त उजेड देणारे) लाल-हिरवे पदार्थ टिकतात, निळा लवकर दमतो. पेपरात एलटी95चे तास (चमक सुरुवातीच्या 95 टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) देताना सुरुवातीची चमक किती होती ते लिहा. मंद लावला तर कुठलाही निळा जास्त जगतो.