एकच थ्रेशर आणि 40 शेतकरी, नंबर लावायला जेनेटिक अल्गोरिदम घेऊ की सिम्युलेटेड ॲनिलिंग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, गावच्या गटाकडे एकच थ्रेशर, 40 जणांचं सोयाबीन काढायचं, आणि पायथॉनमधे जेनेटिक अल्गोरिदम लिहावा की सिम्युलेटेड ॲनिलिंग. (जेनेटिक म्हणजे बऱ्याच याद्या घेऊन त्या आपसात जोडत-बदलत चांगली यादी शोधणं, ॲनिलिंग म्हणजे एकच यादी थोडी थोडी बदलत शोधणं.) मी वाशिम जिल्ह्यात राहतो आणि आमच्या गटाच्या थ्रेशरचं रजिस्टर चार हंगामांपासून माझ्याकडेच आहे, म्हणून लिहितो. माझं म्हणणं आहे की भाऊ, आत्ताच दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. आधी हे ठरवा की वाट बघणं कोणाचं मोजायचं, माणसाचं की पोत्याचं. अल्गोरिदम त्याच्यावरून आपोआप ठरतो आणि बऱ्याचदा तो एका ओळीचा निघतो.

मीही पहिल्या वर्षी जेनेटिकच लिहिला होता. रात्री लॅपटॉपवर चालवला की वीस-पंचवीस मिनिटांनी यादी यायची, दरवेळी थोडी वेगळी यायची, आणि सकाळी कोणी विचारलं की माझा नंबर अकरावा काऊन तर माझ्याकडे सांगायला काहीच नसायचं. मग एक दिवस सहज म्हणून फक्त तासांवर सॉर्ट करून बघितलं, ज्याचं काम कमी तासांचं तो आधी, तर सगळ्यांच्या काम संपायच्या तासांची बेरीज जेनेटिकपेक्षा कमी आली. एकदा नाही, जितक्या वेळा करून बघितलं तितक्या वेळा कमी किंवा तेवढीच. तेव्हा लक्षात आलं की मी जे कमी करायला बसलो होतो त्याचं पक्कं उत्तर तर 1956 सालीच वेन स्मिथनं सिद्ध करून ठेवलेलं आहे.

हे कागदावर करून बघा. चार जण आहेत, काम 12 तास, 2 तास, 4 तास आणि 1 तास. ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं काढलं तर पहिल्याचं 12 व्या तासाला संपतं, दुसऱ्याचं 14, तिसऱ्याचं 18, चौथ्याचं 19, सगळे मिळून 63 तास, म्हणजे माणशी पावणेसोळा. लहान आधी घेतलं तर 1, 3, 7, 19, बेरीज 30, माणशी साडेसात. थ्रेशर दोन्ही वेळा 19 तासच चाललं, डिझेल तेवढंच लागलं, फक्त नंबर बदलले. आणि याच्यापेक्षा चांगलं काही असूच शकत नाही हे का, तर शेजारशेजारच्या दोघांकडे बघा. 12 तासवाला पुढे आणि 2 तासवाला त्याच्या मागे असेल आणि दोघांची अदलाबदल केली तर लहान्याचे 12 तास वाचतात, मोठ्याचे 2 तास वाढतात, बाकी कोणालाच काही फरक पडत नाही. म्हणजे जोपर्यंत कुठे मोठा लहानाच्या पुढे आहे तोपर्यंत फायदा शिल्लक आहे, आणि सगळं लहान ते मोठं लागलं की फायदा संपला. एवढंच प्रूफ आहे, व्हायवात विचारलं तर हेच सांगा.

आता खरी गोष्ट. ही यादी मी गटाच्या बैठकीत वाचली आणि आमच्या इथले एक काका, सोळा एकर सोयाबीन त्यांचं, ते म्हणाले की माझी गंजी मोठी म्हणून मी शेवटी, मग पाणी आलं तर भिजणार कोणाचं जास्त? बरोबरच होतं त्यांचं. मी माणसं मोजत होतो, ते पोती मोजत होते. मग तिथेच रजिस्टरच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या संपायच्या तासाला त्याच्या कामाच्या तासांनी गुणून बघितलं, कारण ज्याचं काम जास्त त्याची पोती जास्त. पहिल्या क्रमात 12 गुणिले 12, 2 गुणिले 14, 4 गुणिले 18, 1 गुणिले 19, झाले 263. लहान आधीच्या क्रमात 1 गुणिले 1, 2 गुणिले 3, 4 गुणिले 7, 12 गुणिले 19, झाले 263. तेवढेच! कोणताही क्रम लावा, 263 च येतात. मी तीन वेळा बेरीज तपासली. नंतर समजलं की स्मिथचा पूर्ण नियम वजन (म्हणजे कोणाला किती महत्त्व द्यायचं तो आकडा) भागिले वेळ असा आहे, हा आकडा ज्याचा मोठा तो आधी, आणि वजन म्हणजे पोती धरली तर पोती आणि तास एकाच प्रमाणात वाढतात म्हणून सगळ्यांचा आकडा सारखा येतो, मग क्रमानं काही बदलतच नाही. या एका पानामुळे आमच्या गटातलं अर्धं भांडण मिटलं, कारण सगळ्यांना दिसलं की पोत्यांच्या हिशेबानं मोठ्याला पुढे घेऊन गावाचं काही वाचत नाही, आणि माणसांच्या हिशेबानं लहान्याला पुढे घेतलं तर खूप वाचतं.

वजन आम्ही मग पोत्यांवरून काढून टाकलं आणि धोक्यावर नेलं. प्रत्येकाला 1, ताडपत्री नसेल तर वाढवून 2, वावर चिबड असेल आणि गंजी तिथंच लागलेली असेल तर अजून 1. हे आकडे माझे नाहीत, बैठकीत बसून ठरलेले आहेत, आणि तुम्हीही तसेच ठरवून घ्या, कंप्युटरसमोर बसून मनानं टाकू नका.

दुसरा मुद्दा तारखेचा. ज्याच्याकडे पाणी आहे त्याला त्याच वावरात हरभरा पेरायचा असतो, त्याला वावर अमुक तारखेपर्यंत मोकळं पाहिजेच. इथे प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. सगळ्यात जास्त उशीर ज्याला होतो त्याचा उशीर कमीत कमी करायचा असेल तर फक्त तारखेवर सॉर्ट करा, ज्याची तारीख आधी तो आधी, हा जॅक्सनचा 1955 चा नियम आणि हाही पक्का. पण उशीर होणाऱ्यांची संख्या कमी करायची असेल तर मूरची पद्धत घ्या, 1968 ची. तारखेनं लावत जायचं, आणि ज्या जागी पहिल्यांदा कोणी उशिरा जातो तिथं थांबून आतापर्यंतच्यांमधला सगळ्यात जास्त तासांचा माणूस उचलून शेवटी टाकायचा, आणि पुढे चालायचं. मला ही पद्धत गावात फार उपयोगाची वाटते कारण ती ऐन वेळेवर नाही तर आठ दिवस आधी सांगते की या दोघांचं आपल्या थ्रेशरवर वेळेत होणार नाही. मग त्यांना तेव्हाच सांगता येतं की भाऊ तुम्ही बाहेरचं मशीन बघून घ्या. आधी सांगितलं तर माणूस समजून घेतो.

प्रोजेक्ट रिपोर्टमधे एक गोष्ट जरूर लिहा. उशीर होणारे सगळे सारखे मोजले तर वरची मूरची पद्धत चुटकीसरशी उत्तर देते, पण प्रत्येकाच्या उशिराला वेगळं वजन दिलं की तोच प्रश्न एनपी-हार्ड होतो, म्हणजे दरवेळी पटकन पक्कं उत्तर देणारी पद्धत कोणालाच माहीत नाही. रिचर्ड कार्पनं 1972 साली 21 अवघड प्रश्नांची जी यादी दिली त्यात हा बसलेला आहे. वरून दिसायला फरक एवढासा, आतून जमीन-अस्मानाचा. म्हणून मी म्हणतो की काय मोजायचं ते आधी ठरवा.

तुमचं जेनेटिक किंवा ॲनिलिंग कामाला येऊ शकतं ते इथून पुढे, जेव्हा थ्रेशर एका शिवारातून दुसऱ्या शिवारात न्यायला लागतं. पावसानंतर पांदणीतून ट्रॅक्टर न्यायचा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, मधे नाला असेल तर अर्धा दिवस जातो. आता कोणानंतर कोण यावर जाण्याचा वेळ ठरतो, आणि 40 जणांचे क्रम किती तर 8 च्या पुढे 47 शून्यं. एकेक करून तपासणं शक्य नाही.

पण इथंही घाई करू नका. आमच्याकडे शिवारं पाच आहेत, आणि एकदा शिवारात थ्रेशर गेलं की तिथलं सगळं काढूनच बाहेर निघायचं हा नियम लोकांनी स्वतःच मान्य केला. मग शिवारांचे क्रम फक्त 120, ते सगळेच्या सगळे तपासून होतात, आणि शिवाराच्या आत वजन भागिले वेळ. पाच-सात ओळींचा कोड आहे, डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर येतं. तुमच्या गावात लोक हा नियम मानत नसतील, किंवा एकाच शिवारात तारखा फार मागेपुढे असतील, तर मग मात्र शोध घ्यावा लागतो.

तसा शोध घ्यायचा झालाच तर पहिले ॲनिलिंग घ्या. 1983 साली कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेकी यांनी मांडलेली कल्पना आहे, लोखंड तापवून हळूहळू थंड करतात तशी. सॉर्ट केलेल्या यादीपासून सुरुवात करा, दोन नावं अदलाबदल करा, चांगलं झालं तर ठेवा, वाईट झालं तरी सुरुवातीला कधीमधी ठेवा आणि पुढे पुढे ठेवणं कमी करत जा. जेनेटिकमधे एक अडचण मला फार नडली होती, दोन याद्या मधून कापून जोडल्या की एक शेतकरी दोनदा येतो आणि दुसरा गायबच होतो. त्यासाठी ऑर्डर क्रॉसओव्हर नावाची वेगळी जोडणी लागते. गावातल्या यादीतून कोणाचं नाव गळालं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.

आणि खरं सांगायचं तर 40 नावांसाठी मी आज यातलं काहीच चालवत नाही, गूगलचं ओआर-टूल्स वापरतो, फुकट आहे, पायथॉनमधून चालतं, त्यातला सीपी-सॅट सॉल्व्हर, म्हणजे अटी दिल्या की उत्तर शोधून देणारा प्रोग्राम, तो घ्या. प्रत्येक काम एक इंटरव्हल (सुरू ते बंद असा वेळेचा तुकडा), एका वेळी दोन इंटरव्हल एकमेकांवर येऊ नयेत अशी एक अट, आणि काय कमी करायचं ते एका ओळीत. मला तो आवडतो तो एका कारणासाठी. तो नुसतं उत्तर देत नाही, त्याच्याखाली एक आकडाही देतो की याच्यापेक्षा कमी होणं शक्यच नाही. दोन आकडे जवळ आले की तुम्हाला कळतं आता थांबायला हरकत नाही. जेनेटिक हे कधीच सांगत नाही, तो रात्रभर चालला तरी तुम्ही अंधारातच.

लिनिअर प्रोग्रामिंग, म्हणजे सगळ्या अटी सरळ समीकरणांत मांडून कमीत कमी खर्च काढायची पद्धत, वापरू का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. ते नंबर लावायला सरळ कामाचं नाही, जिथं वस्तूचे भाग पाडता येतात तिथं ते राजा, जसं कोणत्या गोदामातून किती क्विंटल कुठे पाठवायचं. त्यातली एक फार मोठी पद्धत आपल्या मराठी माणसाची आहे, आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर, 1984, बेल लॅब्समधे असताना. रिपोर्टमधे एक परिच्छेद त्यावर टाकला तर मला आनंद होईल.

आता सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा ते. तासांच्या अंदाजाला. एकराला इतके तास असं सरसकट धरलं की यादी दुसऱ्याच दिवशी मोडते. सोयाबीन नीट वाळलेलं असेल तर थ्रेशर धडाधड ओढतं, ओलसर असेल तर कुटार गुंडाळतं, दर थोड्या वेळानं बंद करून हात घालून काढावं लागतं, आणि दाणाही ओला निघतो. हमीभावाच्या खरेदीत ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या आत लागतो, म्हणजे ओलं काढून शेतकऱ्याचाही फायदा नाही. म्हणून रजिस्टरमधे मी चार रकाने ठेवले, एकर, सोंगून किती दिवस झाले, सुरू किती वाजता, बंद किती वाजता. दोन हंगामांत अंदाज इतका सुधारला की तेवढा कोणत्याही अल्गोरिदमनं सुधारला नसता. सोंगून तीन दिवस व्हायच्या आधी आम्ही आता कोणाचा नंबरच लावत नाही, ती एक अट म्हणून सॉल्व्हरमधे टाकलेली आहे.

आणि पाऊस. यादी एकदा करून हंगामभर चालवायची नसते, रोज संध्याकाळी उरलेल्या लोकांची परत चालवायची. पण पुढच्या दोन दिवसांचे नंबर मी गोठवून ठेवतो, पाणी आलं तरच हलवतो, कारण लोकांनी मजूर सांगितलेले असतात, सैपाकाची तयारी केलेली असते, आणि पंधरा मिनिटं वाचवायला कोणाचा उद्याचा नंबर परवावर टाकणं बरं नाही.

तुम्ही सुरुवात अशी करा की गटाकडून मागच्या वर्षीचं रजिस्टर घ्या, जसं काम झालं तसं टाईप करा आणि त्या क्रमाची बेरीज काढा, माणसांची वेगळी आणि धोक्याच्या वजनाची वेगळी. मग त्याच डेटावर नुसतं सॉर्ट करून बघा, मग सीपी-सॅट, आणि गाईडला पाहिजेच असेल तर शेवटी जेनेटिक. चारही आकडे एका टेबलात बाजूबाजूला ठेवा. रजिस्टरमधे तास लिहिलेले नसतील तर डिझेलच्या नोंदीवरून काढता येतात, आम्ही पहिल्या वर्षाचे तसेच काढले होते. अडलं तर इथंच खाली लिहा, दिवसा मी वावरात असतो पण रात्री बघतो.