कन्याकुमारी अडीचशे किलोमीटरवर आल्यावर

निधी उभारण्यासाठी पुण्याहून कन्याकुमारीला निघालेल्या सायकलस्वारांचे प्रश्न या वेळी बहुतेक मदुराईच्या पुढचे आहेत. बंगळुरूपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि तिथून ४४ असा हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा रस्ता.

प्रश्न : चढावर जोर लावला की चेन सटकते. मदुराईत नवी चेन बसवून घ्यावी का?

नुसती चेन बदलू नका. जुन्या चेनबरोबर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, दातही झिजलेले असतात. नव्या चेनच्या कड्या त्यांत नीट बसत नाहीत आणि जोर दिला की दातांवरून उडतात. आज अधूनमधून सटकते ती उद्या दर पेडलला सटकेल. बदलायची तर दोन्ही बदला, नाहीतर काहीच नको.

त्याआधी दोष नक्की कुठे आहे ते पाहा. सगळ्याच गिअरांत ठरावीक अंतराने सटकत असेल तर बहुधा एखादी कडी आखडली आहे. पेडल हळूहळू उलटं फिरवा. मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांवरून जाताना आखडलेली कडी टुणकन उडते, लगेच दिसते. दोन्ही बाजूंनी धरून ती आडवी जराशी वाकवा, मोकळी झाली की तेलाचा थेंब सोडा. एक-दोन गिअरांतच आणि तेही जोर दिल्यावरच सटकत असेल, तर ती झीज. मोजायला स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. चोवीस कड्या सोडून येणारी पिन बरोबर १२ इंचांवर हवी. ती १/१६ इंच पुढे गेली की चेन संपत आली. १/८ इंच गेली असेल तर कॅसेटही गेली असं धरून चाला.

उरलेल्या अंतरासाठी मात्र आमचा सल्ला खर्च टाळण्याचाच. सटकणारे गिअर सोडून द्या, उभं राहून पेडल मारू नका, रोज संध्याकाळी चेन पुसून तेल द्या. तिरुनेलवेलीपर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे, निभावतं. चेन तुटलीच तर क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी, हाताशी हवी, आणि ती तुमच्या चेनच्या स्पीडचीच, म्हणजे मागे जितकी चक्रं तितक्यांसाठीची.

प्रश्न : आम्ही ऑगस्टच्या मध्याला पोचू. तिरुनेलवेलीच्या पुढच्या वाऱ्याची धास्ती वाटते.

धास्ती योग्य जागी आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम घाटातल्या आरल्वायमोळीच्या खिंडीतून घुसतात. खिंडीजवळच्या मुप्पंदल गावच्या पवनचक्क्या उगाच तिथे नाहीत. तुम्ही दक्षिणेकडे जाता, म्हणजे वारा उजवीकडून येतो आणि तुम्हाला डावीकडे, रस्त्याच्या कडेला ढकलतो. तुम्ही नकळत उजवीकडे झुकून तोल सांभाळता. तेवढ्यात ट्रक शेजारून जातो, वारा क्षणभर थांबतो आणि झुकलेली सायकल ट्रकच्याच दिशेला जाते. ट्रक पुढे गेला की वारा पुन्हा आदळतो. त्यामुळे आवाज ऐकू आला की पेडल हलकं करा, कोपरं सैल सोडा, हँडल खालच्या वळणावर धरा आणि डावीकडे निदान हातभर जागा राखून चाला. पुढच्या चाकावरचं सामान मागे न्या. शेवटचे ८५ किलोमीटर पहाटे सुरू करा. दुपारी वाऱ्याचा जोर वाढतो.

प्रश्न : मागचा टायर रोज पंक्चर होतो. ट्यूब नवी आहे.

फुटलेल्या ट्रक टायरांच्या बारीक तारा महामार्गाच्या कडेला विखुरलेल्या असतात आणि त्यातली एखादी टायरमध्येच राहिली आहे. ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहा आणि टायरवर त्याच जागी शोधा. आतून कापूस फिरवला की तार अडकते. बोटाने चाचपू नका. ती चिमट्यानेच निघते.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ आणि त्याचा मित्र देणगी देणार आहेत. माझ्या खात्यावर घेऊन संस्थेला देऊ का?

नको. भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत तो संस्थेला थेट देऊ शकतो. ती परकीय देणगी धरत नाहीत. मित्र अमेरिकी नागरिक असेल, मग तो मूळचा सांगलीचा का असेना, तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. ते तुमच्या खात्यातून फिरवणं बेकायदा आहे. इथल्या देणगीदारांनाही संस्थेचंच खातं द्या, नाहीतर पावती त्यांच्या नावाने निघणार नाही. देणगीवरची '८० जी'ची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांहून जास्त रोख दिल्यास तीही नाही.

प्रश्न : परत येताना सायकल रेल्वेने आणायची आहे.

कन्याकुमारी-पुणे एक्स्प्रेस थेट आहे. पार्सल कार्यालयात निदान दोन तास आधी पोचा. डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा, नाव आणि ठिकाण दोन जागी लिहा. पेडल काढताना पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढा; डाव्या पेडलचे आटे उलटे असल्याने दोन्ही तसेच सुटतात.