परत आणून पाहिलंत का? व्यवसायाच्या डेटाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात छोट्या व्यवसायांच्या बॅकअपवर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या ज्या प्रश्नांची उत्तरं इतरांच्याही कामाला येतील, ते इथे घेतो आहे.

प्रश्न : चिपळूणला आमचा औषधांचा घाऊक व्यवसाय आहे. २०२१ च्या पुरात सर्व्हर आणि बॅकअपची हार्डडिस्क दोन्ही पाण्यात गेलं. आता सर्व्हर माळ्यावर ठेवला आहे आणि टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी, कायम जोडून ठेवलेल्या हार्डडिस्कवर आपोआप जातो. एवढं पुरेसं आहे का?

पुरापुरतं बरं आहे, पण पूर हे एकच संकट नाही. हार्डडिस्क सर्व्हरला कायम जोडलेली आहे, इथंच घोडं पेंड खातं. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, मशीनमध्ये शिरला की त्या मशीनला जे जे दिसतं त्या सगळ्याला कुलूप लावतो. तुमची बॅकअपची डिस्क त्याला डी ड्राइव्हसारखीच आणखी एक ड्राइव्ह दिसते. वीज कडाडली, सर्व्हरचा पॉवर सप्लाय उडाला, तरी जोडलेली डिस्क त्याच्यासोबत जाऊ शकते.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीला जमिनीवर आणलं. न्हावा-शेव्याला त्या समूहाचं टर्मिनल आहे, तेही ठप्प झालं. कंपनीत कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर जगभर पसरलेले होते आणि ते एकमेकांच्या प्रती ठेवत. म्हणून त्यांचा वेगळा बॅकअप कुणी घेतला नव्हता. सगळे एका झटक्यात गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एकावरून पुढचं सगळं उभं राहिलं. तुमच्या दुकानात वीज जाण्याची वाट न बघता हे तुटलेपण आपणच ठरवून आणायचं.

दोन हार्डडिस्क घ्या. एकीवर लाल चिकटपट्टी लावा, दुसरीवर हिरवी. आज लाल, उद्या हिरवी. बॅकअप झाला की डिस्क काढायची आणि घरी न्यायची. घरही बाजारपेठेतच, पुराच्या पट्ट्यात असेल तर उंचावर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे आठवड्यातून एकदा तरी एक डिस्क जाऊ द्या. डिस्क रिक्षात विसरली तर गिऱ्हाइकांचे हिशेब परक्याच्या हाती पडतील, म्हणून तिला विंडोजमधल्या बिटलॉकर या सोयीने पासवर्ड लावा, आणि त्याची रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यास कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, कागदावर लिहून लग्नाच्या दागिन्यांसोबत ठेवा. ही की सर्व्हरवरच सेव्ह करून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत.

तिसरी प्रत क्लाउडवर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर, हा जुना नियम आजही खरा आहे. मी त्याला एकच पुस्ती जोडतो : त्यातली निदान एक प्रत नेटवर्कला न दिसणारी हवी.

आणखी एक. लोक टॅलीत काम करत असताना डेटाचं फोल्डर नुसतं कॉपी होत असेल तर ती कॉपी अर्धवट निघू शकते. सगळ्यांनी टॅली बंद केल्यावरची वेळ लावा.

प्रश्न : इचलकरंजीत माझं सीएचं ऑफिस आहे. सगळ्या फाइली गुगल ड्राइव्हवर असतात, म्हणून वेगळा बॅकअप घेतला नाही. आर्टिकलशिपच्या (सीएच्या उमेदवारीच्या) मुलीकडून एका गिऱ्हाइकाचं फोल्डर चुकून डिलीट झालं. हे कळलं ४५ दिवसांनी. ट्रॅश रिकामा आहे. आता?

तुम्हाला हे आधीच फोनवर कळवलं आहे, इथे इतरांसाठी लिहितो. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. तुमचं खातं गुगल वर्कस्पेसचं, म्हणजे पैसे भरून घेतलेलं ऑफिसचं, असेल तर त्यापुढे आणखी २५ दिवस ॲडमिनला ती ॲडमिन कन्सोलमधून परत आणता येते. म्हणजे तुमच्या हातात दहाएक दिवस आहेत. साध्या फुकटच्या जीमेलवर ही सोय नाही.

आधी हेही बघा, की त्या फोल्डरचा मालक कोण आहे. आर्टिकलशिपची मुलं स्वतःच्या जीमेलवरून फाइल बनवतात आणि ऑफिसला शेअर करतात. ती फाइल त्यांच्या मालकीची राहते. आर्टिकलशिप संपली, मुलगी नोकरीला लागली, जुनं खातं बंद केलं, की फाइल गेली. कुणाच्या मनात काही वाईट नसतं, तरी गिऱ्हाइकाचं दप्तर हातचं जातं. ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये फाइल बनवली की ती ऑफिसची राहते.

मूळ प्रश्नाचं उत्तर : सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक हा आरसा आहे. समोरचा दिवा विझला की आरशातलाही विझतो. बॅकअप म्हणजे काल, परवा आणि गेल्या महिन्यात ते फोल्डर जसं होतं तसं वेगळ्या ठिकाणी ठेवणं. वर्कस्पेसचा किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चा बॅकअप घेणाऱ्या सेवा मिळतात. तेवढा खर्च नको असेल तर ऑफिसमध्ये एक नास बॉक्स, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, ठेवा आणि ड्राइव्हची प्रत त्यावर रोज रात्री, जुन्या आवृत्त्यांसकट घ्या. मात्र तो बॉक्स घरून बघता यावा म्हणून थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे बॉक्स वेचून वेचून कुलूपबंद केले.

प्रश्न : आमचं सॉफ्टवेअर क्लाउड सर्व्हरवर चालतं. क्लाउडवाली कंपनी बॅकअप घेतेच ना?

करारात तसं लिहिलं असेल आणि तुम्ही त्याचे पैसे भरत असाल तरच. एरवी सर्व्हर चालू ठेवणं त्यांचं काम, आतला डेटा सांभाळणं तुमचं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. बॅकअप त्याच आवारात असलेल्या ग्राहकांचा डेटा आणि बॅकअप एकत्रच गेले. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे गुगल क्लाउडवरचे सर्व्हरच चुकीच्या सेटिंगमुळे पुसले गेले, तेही दोन ठिकाणांहून. त्यांनी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती, म्हणून सहा लाखांवर सभासदांचा जीव भांड्यात पडला.

तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला लेखी विचारा : बॅकअप कुठे जातो, किती दिवस राहतो, आणि मला माझा डेटा उघडता येईल अशा स्वरूपात दरमहा मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर सावध व्हा.

प्रश्न : आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. हिशेबाचा डेटा परदेशी सर्व्हरवर ठेवला तर चालतो का?

मूळ प्रत कुठेही असो, हिशेबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोजच्या रोज, ठेवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. या वह्या आठ आर्थिक वर्षं जपायच्या असतात. अडचण काहीच नाही, ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आणि मायक्रोसॉफ्टचं पुण्याचं त्याच्याही आधीपासून आहे. फक्त खातं उघडताना रीजनच्या रकान्यात भारतातलं ठिकाण निवडायचं. घाईत पहिलं जे दिसेल ते निवडलं की डेटा अमेरिकेत जाऊन बसतो, आणि ते ऑडिटरच्या पत्रानंतर कळतं.

प्रश्न : भोसरीला आमचं मशीन शॉप आहे. ऑफिसात तीन जुने कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून चालतात : एकावर टॅली, एकावर ईआरपी (ऑर्डर, माल, खरेदी सांभाळणारं सॉफ्टवेअर), एकावर हजेरीचं सॉफ्टवेअर. ईआरपीचा विंडोज सर्व्हर २०१२ आहे. व्हेंडर म्हणतो, एक मोठा सर्व्हर घ्या आणि सगळं व्हर्च्युअल करा. त्यासाठीचं व्हीएमवेअर हे सॉफ्टवेअर महाग झालं असंही ऐकतो. काय करावं?

व्हेंडर बरोबर सांगतो आहे. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. आड एक, दिंडी दरवाजा एक, पण आत तीन बिऱ्हाडं, प्रत्येकाची चूल वेगळी. एका बिऱ्हाडात भांडण झालं म्हणून शेजारची चूल विझत नाही. मोठा सर्व्हर म्हणजे तो वाडा. त्याची मेमरी आणि प्रोसेसर वाटून देणारा, भाडेकरूंवर नजर ठेवणारा जो मालक, तो हायपरव्हायझर. तीन बिऱ्हाडं म्हणजे तुमची तीन व्हर्च्युअल मशीन. त्यातलं प्रत्येक मशीन शेवटी काही मोठ्या फाइलींमध्ये मावतं, आणि खरा फायदा तिथे आहे : त्या फाइलींचा बॅकअप घेतला की विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, डेटा सगळं एकत्र येतं. सर्व्हर जळाला तरी दुसऱ्या पेटीवर तेच मशीन काही तासांत जसंच्या तसं उभं राहतं. ईआरपी पुन्हा इन्स्टॉल करायला कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही.

व्हीएमवेअरचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स बंद केलं, आता वर्गणी. तीन मशीनांच्या कारखान्याला त्याची गरजही नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घेतलंत तर त्यात मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायझर, हायपर-व्ही, येतो आणि त्याच लायसन्सवर दोन विंडोज सर्व्हर व्हर्च्युअल चालवता येतात. तिसऱ्यासाठी, म्हणजे हजेरीसाठी, काय चालेल ते व्हेंडरकडून पक्कं करून घ्या. दुसरा पर्याय प्रॉक्समॉक्स, हे ऑस्ट्रियात बनतं, मुक्त स्रोत आहे, मी स्वतः बऱ्याच ठिकाणी बसवलं आहे. पण त्यासाठी लिनक्स कळणारा माणूस हाताशी हवा. तुमच्या व्हेंडरकडे तो नसेल तर हायपर-व्हीच बरं.

व्हेंडर सहसा सांगत नाहीत त्या गोष्टी आता सांगतो. मशीन शॉप म्हणजे कॅड-कॅमचं (डिझाइन आणि मशीनिंगचं) एखादं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या लायसन्सच्या किल्लीवर, असणारच. हायपर-व्हीमध्ये डोंगल व्हर्च्युअल मशीनला थेट देता येत नाही, प्रॉक्समॉक्समध्ये येतो. ते सॉफ्टवेअर सर्व्हरवर आणायचं असेल तर हे आधी बघा. टॅलीचं लायसन्स कॉम्प्युटरला बांधलेलं असतं, जुन्या मशीनवर ते सरेंडर करून मगच नव्यावर चालू करायचं. आणि विंडोज सर्व्हर २०१२ ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहेत. जुनं मशीन व्हर्च्युअल केलं म्हणून ते नवं होत नाही. ईआरपी नव्या विंडोजवर जाईपर्यंत त्या मशीनचं इंटरनेट तोडा.

आणि स्नॅपशॉट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची टिपून ठेवलेली स्थिती. अपडेट टाकण्याआधी स्नॅपशॉट घेणं चांगलं, बिघडलं तर क्षणात मागे येता येतं. पण तो त्याच डिस्कवर, मूळ फाइलीच्या आधाराने जगतो. डिस्क गेली की तोही गेला. वर तो विसरला तर फुगत जातो आणि एके दिवशी डिस्क भरून तिन्ही बिऱ्हाडं एकदम बंद पाडतो. काम झालं की तो काढून टाका. वाडा एक झाला म्हणजे जोखीमही एका जागी आली, तेव्हा दोन पॉवर सप्लाय, जोडीने चालणाऱ्या डिस्क आणि चांगला यूपीएस यांत काटकसर नको. तीनपैकी सगळ्यात बरा जुना कॉम्प्युटरही भंगारात देऊ नका. पुढच्या उत्तरात तो लागणार आहे.

प्रश्न : संगमनेरला आमची पतसंस्था आहे. रोज सकाळी "बॅकअप सक्सेसफुल" असा ईमेल येतो. तरी तपासावं लागतं का?

हो. आणि हे मी ठेच खाऊन सांगतो आहे.

एका कापड व्यापाऱ्याकडे बॅकअप मीच लावून दिला होता. रोज हिरवी खूण असलेला ईमेल यायचा, त्यांनाही आणि मलाही. एका सोमवारी सर्व्हरची डिस्क खडखड आवाज करू लागली आणि दुपारपर्यंत बंद पडली. मी निर्धास्त होतो. नवी डिस्क टाकली, बॅकअप परत आणला, टॅली उघडलं. शेवटचं बिल आदल्या दिवाळीतलं होतं. मालक माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते. ते एवढंच म्हणाले, "आणि पुढचं?" डी ड्राइव्ह भरली म्हणून त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने दिवाळीनंतर डेटा ई ड्राइव्हवर हलवला होता. बॅकअप मात्र रोज रात्री इमानेइतबारे डी वरच्या जुन्या फोल्डरची प्रत घेत राहिला. ईमेल खोटं बोलत नव्हता, त्याला सांगितलेलं काम झालंच होतं. पुढे दोन महिने तीन माणसं कागदी बिलं बघून नोंदी घालत होती. ज्यांच्या कागदी प्रती नव्हत्या, ती उधारी बुडाली.

मोठ्या कंपन्यांचंही असं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती लावलेल्या होत्या, ऐनवेळी एकही नीट चालत नव्हती. हाताशी लागली ती सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली प्रत.

म्हणून महिन्यातून एकदा रंगीत तालीम करा. पहिल्या शनिवारी, कामकाज संपल्यावर. कालचा बॅकअप चालू सर्व्हरवर नाही, वेगळ्या कॉम्प्युटरवर परत आणायचा. सॉफ्टवेअर उघडून कालची शेवटची पावती शोधायची : तिचा नंबर, सभासदाचं खातं, रक्कम, सगळं कागदी पावतीशी जुळतं का? मग त्या दिवशीचं तेरीज पत्रक काढून मूळ सर्व्हरवरच्याशी ताडून बघायचं. सुरुवात किती वाजता केली आणि काउंटर उघडता येईल अशी स्थिती किती वाजता आली, हे वहीत लिहायचं आणि खाली व्यवस्थापकांची सही. पहिल्या वेळी बहुतेक पासवर्डच सापडणार नाही. तो शनिवारी संध्याकाळी न सापडलेला परवडतो.

या वहीतून संचालक मंडळापुढे ठेवायचे दोन आकडे मिळतात : आपला किती वेळाचा डेटा जाऊ शकतो, आणि काउंटर किती वेळ बंद राहील. बॅकअप रात्री एकदाच होत असेल तर पहिल्याचं उत्तर "अख्खा दिवस" असं आहे. पतसंस्थेत दिवसभराच्या पिग्मीच्या नोंदी असतात. मला तो आकडा जास्त वाटतो, दुपारी आणखी एक बॅकअप लावा.

प्रश्न : ५०० जीबी डेटा क्लाउडवर चढवायला किती वेळ लागेल? नेट १०० एमबीपीएसचं आहे.

१०० हा डाउनलोडचा वेग आहे का ते आधी बघा, अपलोड पुष्कळदा त्याहून कमी असतो. अपलोड २० एमबीपीएस मिळाला तर ५०० जीबीला सुमारे ५५ तास, तेही लाइन एकदाही न तुटता. शुक्रवारी रात्री सुरू करा, सोमवार उजाडेपर्यंत होईल. त्यानंतर फक्त बदललेला भाग जातो, तो सहसा रात्रीत आटपतो. उलटा हिशेबही करून ठेवा : तेवढाच डेटा पूर्ण १०० च्या वेगाने परत उतरवायला ११ तासांवर लागतात. तेवढा वेळ धंदा बंद ठेवणं परवडत नसेल, तर क्लाउड असला तरी एक प्रत ऑफिसातल्या कपाटातल्या डिस्कवर हवीच.