सर्जरी वॉर्डात नाइटचा ओव्हर (आधीच्या ड्युटीवाल्याकडून पेशंटचा ताबा) घेताना काय विचारून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून नुकतेच लागलात आणि रात्री आठला वीस-बावीस ऑपरेशनचे पेशंट एकदम अंगावर येतात.

सगळे एकसारखे ऐकत बसू नका. पहिला प्रश्न एकच: आज रात्री कोण बिघडू शकतं? त्या तीन-चार जणांच्या बेडपाशी, ओव्हर देणाऱ्याला सोबत घेऊनच जा. हर्नियाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस असलेल्या पेशंटचं कागदावर भागतं.

‘स्टेबल आहे’ हे उत्तर घेऊ नका. नाडी आत्ता किती, सकाळी किती होती? आतडं जोडलेल्या पेशंटची चौथ्या दिवशी नाडी 88 वरून 116 वर गेली असेल, तर ताप नसला, पोट मऊ लागलं तरी जोड गळत नाही ना, ही शंका धरायचीच.

खरा घोटाळा ड्रेनचा, म्हणजे पोटात साचलेलं रक्त-पाणी बाहेर पिशवीत काढणाऱ्या नळीचा. चार्टवर ‘50 मिली’ लिहिलेलं असतं, पण किती तासांचं? पिशवी साडेसातला रिकामी केली असेल तर अर्ध्या तासाचं, सकाळी केली असेल तर बारा तासांचं. ते रक्त असेल तर जमीन-अस्मानाचा फरक. रिकामी केल्याची वेळ पिशवीवरच पट्टी चिकटवून लिहायला लावा. आणि ड्रेन शून्य दिसला म्हणून खूश होऊ नका. नळी पाठीखाली दुमडलेली असते, आत गुठळी असते, नाहीतर एक्स-रेला नेताना लावलेला क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) तसाच राहिलेला असतो. नळी पोटापासून पिशवीपर्यंत हाताने चाचपा.

एपिड्युरल (दुखणं थांबवायला पाठीच्या कण्यात घातलेली बारीक नळी) असेल तर एनॉक्सापॅरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या इंजेक्शनच्या शेवटच्या डोसची वेळ घ्या. प्रतिबंधक डोसनंतर 12 तास झाल्याशिवाय ही पाठीतली नळी काढायची नाही, काढल्यावर किमान 4 तास पुढचा डोस नाही.

‘लघवीवर लक्ष ठेव’ म्हणजे काहीच नाही. आकडा मागा: 60 किलोच्या माणसाला ताशी 30 मिली, सलग दोन तास त्याखाली गेली तर आधी लघवीची नळी तुंबलीय का बघायचं, मग फोन. कुणाला, तेही आत्ताच लिहून घ्या. रक्त क्रॉसमॅच करून (पेशंटच्या रक्ताशी जुळवून) ठेवलंय का, किती पिशव्या?

आपल्याकडे कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचे पेशंट बरेच. नातेवाइकांत मराठी कुणाला कळतं, ते ओव्हरमध्येच विचारा. रात्री दोनला संमतीची सही घेताना ते शोधत बसता येत नाही. उपाशी ठेवायचंय हेही कन्नडमधून सांगितलं गेलंय ना? नाहीतर ‘नुसता चहाच दिला की’ ऐकायला मिळतं.

सिस्टरांचीही ड्युटी आठलाच बदलते, म्हणजे वॉर्ड ओळखणारं एकदम कुणीच उरत नाही. तुम्ही साडेसातला पोचा.