राजकीय मतांवरून चर्चने सभासदावर कारवाई करावी का?

नुसतं मत वेगळं म्हणून? नाही. १९४९ मध्ये व्हॅटिकनने फर्मान काढलं: जाणूनबुजून कम्युनिस्ट पक्षात जाणाऱ्या कॅथलिकांना चर्चचे पवित्र संस्कार (प्रभुभोजनासारखे विधी) मिळणार नाहीत. आदल्याच वर्षी इटलीत निवडणुकीचं पोस्टर होतं, 'मतदानाच्या आडोशाला देव तुला बघतोय, स्टॅलिन नाही.' पुढे काय झालं? १९७६ मध्ये इटलीतल्या कम्युनिस्ट पक्षाला ३४ टक्के मतं पडली! रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना), मतपत्रिकेवर विळा-हातोडा, असं कितीतरी जणांनी निभावून नेलं.

वर्णभेदाची गोष्ट वेगळी. त्याला धर्माचा आधार देणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या दोन गोऱ्या चर्चना रिफॉर्म्ड (प्रॉटेस्टंटांमधला एक पंथ) चर्चांच्या जागतिक संघटनेने १९८२ मध्ये निलंबित केलं, ते मला पटतं. तिथे वाद मतपेटीचा नव्हताच. काळ्या माणसाला प्रभुभोजनाच्या मेजावर बसू द्यायचं की नाही, हा होता.